पेट्रोलचे साडेतीन चमचे

हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, घेतली तेव्हा माझी समजूत अशी होती, की आता ॲव्हरेजचं गाडी बघून घेईल, मी फक्त चालवायचं. आधीच्या साध्या पेट्रोल गाडीत पंधरा-सोळा मिळायचं. म्हणजे हिच्यात पंचवीस तरी कुठे गेले नाहीत, असा हिशेब डोक्यात पक्का होता. पहिली टाकी संपली. 642 किलोमीटर, 35.6 लिटर. मोबाइलवर भागाकार केला, 18.03 आलं. पुन्हा केला. तेवढंच.

गंमत म्हणजे स्क्रीन 19.4 दाखवत होती. गाडीतला संगणक इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून किती पेट्रोल गेलं याचा अंदाज बांधतो, आणि हा अंदाज मालकाला बरं वाटेल अशा बाजूला झुकलेला असतो, निदान माझ्या गाडीत तरी. त्या दिवसापासून एक वही गाडीच्या कप्प्यात ठेवली. टाकी फुल ते टाकी फुल, दर वेळी नोझलचा पहिला खटका पडला की थांबायचं, वर दोन-चार रुपये पूर्ण करायला आणखी ओतायचं नाही. लिटर आणि किलोमीटर वहीत. एका टाकीच्या आकड्यात थोडी चूक राहतेच, पण तीन-चार टाक्यांत ती धुऊन जाते.

वहीमुळे आणखी एक खोड मोडली, ती म्हणजे ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढण्याची. शंभर किलोमीटर 15 ने गेलो आणि शंभर किलोमीटर 25 ने आलो, तर सरासरी 20 होत नाही, 18.75 होते. कारण खर्च लिटरमध्ये होतो. तसंच, 15 चं 20 झालं तर शंभर किलोमीटरमागे 1.67 लिटर वाचतं, 20 चं 25 झालं तर एक लिटर, आणि 25 चं 30 झालं तर जेमतेम दोन तृतीयांश लिटर. वरच्या टोकाला जीव काढून मिळवलेले आकडे दिसायला भारदस्त असतात, टाकीत तितके दिसत नाहीत. हे आधी कळलं असतं तर पुढचे काही वेडेपणे टळले असते.

पहिला वेडेपणा दुसऱ्याच टाकीला केला.

इंजिन बंद असताना स्क्रीनवर एक छोटा हिरवा दिवा लागतो. म्हणजे गाडी नुसत्या विजेवर चालली आहे. मी मनाशी ठरवलं, हा दिवा जितका वेळ पेटलेला तितका फायदा. मग काय, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तो जणू फरशी ओली आहे आणि मोजे नवे आहेत अशा बेताने. सिग्नल हिरवा झाला की मी रांगत निघायचो. मागचे हॉर्न मारायचे, रिक्षा, सायकली मला ओलांडून जायच्या, पण दिवा हिरवा! ईव्हीचं, म्हणजे गाडी मुद्दाम विजेवरच चालवायचं, बटणसुद्धा आहे, तेही दाबून पाहिलं. स्क्रीनवर बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या आठ दांड्यांपैकी दोन उरल्या, की इंजिन आपणहून सुरू व्हायचं आणि मग बंद व्हायचं नावच घ्यायचं नाही. सिग्नलला उभा आहे, गाडी जागची हलत नाही, आणि इंजिन घुर्रघुर्र करत बॅटरी भरतंय. याला काय म्हणावं?

टाकी फुल केली. 601 किलोमीटर, 34.9 लिटर. 17.2. दिवा पेटवून पेटवून मी पहिल्यापेक्षा खाली आलो होतो.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. माझी गाडी भिंतीतल्या प्लगला लावायची नाही. तशी असती तर गोष्ट वेगळी होती. हिच्यात बाहेरून येतं ते फक्त पेट्रोल. म्हणजे बॅटरीतला वीजेचा कण न् कण हा कधीतरी पेट्रोलच होता. इंजिनाने जनरेटर फिरवला, वीज इन्व्हर्टरमधून बॅटरीत गेली, बॅटरीतून पुन्हा इन्व्हर्टर, मग मोटर, मग चाक. प्रत्येक नाक्यावर थोडी थोडी जकात भरायची. इंजिनाने चाक थेट फिरवलं तर ही जकात लागत नाही. मग हायब्रिडचा उपयोग काय? उपयोग हा, की इंजिन जिथे नालायक असतं तिथे त्याला झोपवता येतं. पेट्रोल इंजिन अगदी हलक्या ओझ्यावर, रांगत्या रहदारीत आणि उभ्या गाडीत सर्वांत जास्त उधळपट्टी करतं, मध्यम ओझ्यावर सर्वांत काटकसरीने चालतं. हायब्रिडमधली इंजिनं बहुतेक ॲटकिन्सन पद्धतीची असतात. त्यांच्यात हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते. जोर थोडा कमी मिळतो, पण जाळलेल्या पेट्रोलचं काम जास्त होतं, आणि कमी पडलेला जोर मोटर भरून काढते. म्हणजे वीज ही इंजिनाच्या नोकरीतली सोय आहे, त्याची सवत नव्हे. मी ईव्हीचा हट्ट धरून बॅटरी रिकामी करत होतो आणि मग इंजिनाला तीच भरायला अवेळी उठवत होतो.

आणि ती ‘रिकामी’ तरी कुठे असते? संगणक बॅटरी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही, साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात खेळवत ठेवतो, आयुष्य वाढावं म्हणून. स्क्रीनवरच्या आठ दांड्या म्हणजे त्या पट्ट्याचा नकाशा. मधोमध राहिलेली बरी, एवढं कळलं आणि दांड्यांकडे बघणं सोडून दिलं.

त्याच कागदावर मी आणखी एक हिशेब केला, आणि खरं म्हणजे माझं चालवणं बदललं ते त्या हिशेबाने. गाडी माणसांसकट 1400 किलो धरली. ताशी 60 च्या वेगाने जाणाऱ्या 1400 किलोंत साधारण 194 किलोज्यूल ऊर्जा असते. एका लिटर पेट्रोलमध्ये 32 मेगाज्यूलच्या आसपास. इंजिन त्यातला पस्तीस टक्के भाग कामी लावतं असं धरलं, तर गाडीला शून्यापासून साठपर्यंत न्यायला, रस्त्याचा आणि हवेचा विरोध सोडूनही, सतरा मिलिलिटर पेट्रोल लागतं. खोकल्याच्या औषधाचे साडेतीन चमचे. माझ्या चौदा किलोमीटरच्या वाटेवर बारा सिग्नल. बाराही ठिकाणी साठवरून ब्रेक मारून थांबलो, तर दोनशे मिलिलिटर नुसतं पुन्हा वेग घेण्यात गेलं. ब्रेक मारताना मोटर जनरेटर होते आणि त्यातलं काही परत मिळतं हे खरं, पण तेही जकात भरून. निम्मं हाती लागलं असं धरलं तरी शंभर मिलिलिटर गेलंच, आणि चौदा किलोमीटरला माझा एकूण खर्च होता आठशेच्या आसपास.

म्हणजे ब्रेकमधून मिळणारी वीज ही कमाई नाही. हरवलेल्या पाकिटातले काही पैसे कुणी आणून दिले, इतकंच. पाकीट हरवायचंच नाही, ही खरी युक्ती.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघणं सोडून त्याच्याही पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे बघायला लागलो. सिग्नल लाल दिसला की लगेच पाय उचलायचा. आधी मी पन्नास मीटरवर पाय उचलून ब्रेक मारायचो, आता अडीचशे-तीनशे मीटरवर. गाडीत साठवलेला वेग मग तेवढा रस्ता कापण्यातच खर्च होतो. नाहीतरी तो रस्ता कापायचाच होता. आणि अनेकदा तिथे पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो. तेव्हा गाडी ताशी तीसने जरी पळत असली, तरी साठच्या वेगातली चौथाई ऊर्जा शिल्लक असते. वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट, हे शाळेत शिकलो होतो, पायाने पहिल्यांदा कळलं.

यात शेजारून एखादा जोरात पुढे जातो आणि सिग्नलला उभा राहतो. तुम्ही सावकाश येता, हिरवा होतो, आणि तो गिअर घालेपर्यंत तुम्ही त्याला ओलांडून पुढे. पहिले काही दिवस याचं मला फार सुख व्हायचं. अजूनही होतं, खोटं कशाला बोलू.

तिसरी टाकी 19.6.

आता वेग घेण्याची गोष्ट. हळूहळू वेग घ्या, हा सल्ला मला जन्मभर मिळत आला आहे आणि जुन्या गाडीत तो बऱ्यापैकी खराही होता. हायब्रिडमध्ये तो अर्धवट आहे. डॅशबोर्डवर माझ्याकडे आरपीएमचा काटा नाही, त्या जागी एक पट्टा आहे आणि त्यावर फिरणारा वेगळा काटा. डावीकडे चार्ज, मधे इको, उजवीकडे पॉवर. फार हळू निघालो की इंजिन सुरू होतं खरं, पण अगदी किरकोळ ओझ्यावर, बराच वेळ. म्हणजे त्याच्या सर्वांत नालायक कामगिरीवर. त्यापेक्षा काटा इकोच्या पट्ट्यात, दोन तृतीयांशच्या आसपास, आत्मविश्वासाने न्यायचा, पंधरा-वीस सेकंदांत हव्या त्या वेगाला पोचायचं, आणि मग पाय सैल करायचा. पाय सैल केल्या क्षणी इंजिन झोपतं आणि समतल रस्त्यावर तोच वेग मोटर थोड्याशा विजेवर सांभाळते. फक्त काटा पॉवरच्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. तिकडे गेला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. हायब्रिडच्या गिअरबॉक्समध्ये, म्हणजे ई-सीव्हीटीत, तसंच होतं, घाबरायचं कारण नाही, पण पेट्रोल जातं.

हे जमायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पाय सैल करण्याला. पाय पूर्ण उचलला तर गाडी लगेच चार्ज व्हायला लागते, म्हणजे हलकासा ब्रेकच लागतो. पाय जास्त ठेवला तर मोटर ओढायला लागते. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. तिथे ऊर्जा कुठून कुठे जाते ते दाखवणारे स्क्रीनवरचे सगळे बाण नाहीसे होतात. इंजिनाकडून काही येत नाही, बॅटरीतून काही जात नाही, बॅटरीत काही येत नाही. गाडी नुसती वाहते. ती जागा पेडलच्या प्रवासात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असेल. मी टाच जमिनीला घट्ट टेकवून, मांडी न हलवता, फक्त अंगठ्याच्या बुडाने ती शोधायचो. जाड तळव्याचे बूट असले की सापडायचीच नाही. दोन आठवडे लागले. मग एक दिवस स्क्रीनकडे न बघता सापडली. तळपायाला पेडल येतंही नाही आणि जातही नाही असं वाटतं, आणि कानाला फक्त टायरचा आवाज उरतो. माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, गाडी बंद पडली का?”

ब्रेकचंही तसंच. पेडल हलकं आणि लांबूनच दाबलं तर जवळपास सगळं काम मोटर करते, पॅडला हातही लागत नाही. जोरात दाबलं की बॅटरी एवढी वीज एका दमात घेऊ शकत नाही, उरलेलं पॅडवर येतं आणि उष्णता होऊन उडून जातं. गाडी थांबत आली, ताशी दहाच्या आसपास, की मोटर काम सोडते आणि पॅड धरतात. नीट लक्ष दिलं तर तो खांदेपालट पायाला जाणवतो, बारीकसा गचका. म्हणून थांबण्याआधी मी दाब किंचित कमी करतो. पॅड इतके कमी वापरले जातात की पावसात चार दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज दिसतो. एकदोन ब्रेकमध्ये तो जातो. पण पुढचा अचानक आडवा आला तर हे सगळं विसरून पाय पूर्ण दाबायचा, हे लिहायची गरज नसावी.

चौथी टाकी 21.3.

याच सुमारास स्क्रीनवरचे खांब बघायला लागलो. दर पाच मिनिटांचा एक खांब, त्या पाच मिनिटांतलं ॲव्हरेज दाखवणारा. दुसरा, तिसरा, चौथा खांब उंच. पहिला नेहमी बुटका. रोज सकाळी, न चुकता, बाकीच्यांच्या निम्मा. मी गाडी कितीही शहाण्यासारखी चालवली तरी बुटकाच. कारण थंड इंजिन. सायलेन्सरकडे जाणारा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून सुरुवातीला बॅटरी भरलेली असली तरी संगणक इंजिन चालू ठेवतोच. हे टाळता येत नाही. पण त्यावर तीन गोष्टी करता आल्या. उभ्या उभ्या इंजिन गरम करत बसायचं नाही, सीटबेल्ट लावला की निघायचं, आणि पहिलं मिनिट-दोन मिनिटं घाई न करता. दुसरं, थंडीच्या दिवसांत निघाल्या निघाल्या हीटर लावायचा नाही. हीटरला ऊब इंजिनाच्या पाण्यातून मिळते, त्यामुळे इंजिन बंदच होत नाही. काचेवर वाफ धरली असेल तर मात्र ती आधी काढायची, तिथे कंजूषपणा नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी निघाली. किरकोळ कामांच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या एकत्र करायच्या, आणि त्यातलं सर्वांत लांबचं ठिकाण आधी गाठायचं, म्हणजे इंजिन एकदाच नीट तापतं आणि जवळच्या थांब्यांवर गरमच असतं. चार थंड फेऱ्यांऐवजी एक. पायाच्या सगळ्या कसरतींनी जेवढं मिळालं, त्याच्या जवळपास एवढ्यानेच मिळालं असेल.

मधल्या काळातली एक चूक सांगून टाकतो. लांब उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, ही सवय मला जुन्या गाडीतून लागलेली. हिच्यातही तसंच करत होतो. उतार संपला की बॅटरी होती तिथेच. एका संध्याकाळी मोठ्या कोंडीत चांगली वीस मिनिटं एन मध्ये उभा राहिलो, पायाला आराम म्हणून. एसी चालू. दांड्या उतरत उतरत शेवटच्यावर आल्या आणि स्क्रीनवर इशारा झळकला. गाडीसोबत आलेलं पुस्तक तेव्हा उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, एन मध्ये बॅटरी चार्ज होत नाही, ना इंजिनाकडून, ना चाकाकडून. उतारावर डी मध्येच, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्येच, राहायचं आणि पाय उचलायचा. उतार फार लांब आणि तीव्र असेल, बॅटरी काठोकाठ भरली असेल, तेव्हा बी. बी मध्ये इंजिन पेट्रोलविना फिरवून वेग रोखला जातो, ब्रेक तापत नाहीत. पण काहीजण रोजच्या रस्त्यावर ‘जास्त चार्जिंग’ म्हणून बी मध्ये चालवतात, ते उलटं आहे. जी ऊर्जा बॅटरीत गेली असती तिचा काही भाग इंजिन घुसळण्यात जातो.

मग डोक्यात शिरलं ते पल्स अँड ग्लाइड. टोयोटाची प्रियस 1997 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये विकायला आली, त्यानंतर काही वर्षांत अशा गाड्यांतून शेवटचा थेंब पिळून काढणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. वेन गर्डेस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने याला हायपरमायलिंग हे नाव दिलं, आणि 2008 मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. पल्स अँड ग्लाइडची पद्धत सोपी आहे. एकाच वेगाने न जाता, चांगल्या ओझ्यावर इंजिन चालवून 55 पर्यंत जायचं, मग ती बाण नाहीसे होण्याची जागा पकडून 40 पर्यंत वाहत यायचं, पुन्हा 55. इंजिन चालतं तेव्हा काटकसरीने चालतं, नाहीतर झोपलेलं असतं, आणि वीज मधे न आल्यामुळे जकातही नाही.

आकड्यांत हे चालतं. पाचवी टाकी 23 च्या जरा पुढे गेली. माणसांत चालत नाही. मागच्या गाडीवाल्याला कळत नाही की हा बाबा वेग का घेतोय आणि का सोडतोय. तिसऱ्या दिवशी बायको शेजारी बसली होती. दहा मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “गाडी चालवतोयस की झोका देतोयस?” मुलीला मागे मळमळायला लागलं होतं. आता मी हे फक्त रिकाम्या रस्त्यावर, एकटा असताना करतो. त्या पंथात ट्रकच्या मागे चिकटून हवेचा विरोध टाळणं, चालत्या गाडीचं इग्निशन बंद करणं, असलेही प्रकार सांगितले जातात. पहिल्यात पुढचा थांबला की तुम्हाला थांबायला जागा नाही, दुसऱ्यात स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाऊ शकते. ती बचत मला नको.

लांबच्या रस्त्याने माझा उरलासुरला गर्व उतरवला. 210 किलोमीटर, जाताना क्रूझ कंट्रोल 105 वर लावला. 19.3. शहरापेक्षा कमी! साध्या गाडीचं उलटं असतं, म्हणून आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं. मोठ्या रस्त्यावर ब्रेकच नाही, म्हणजे परत मिळवायला काही नाही, आणि इंजिन नाहीतरी चांगल्या ओझ्यावर चालतं, त्यामुळे हायब्रिडचा हुकमी पत्ता तिथे हातातच राहतो. उरतो हवेचा विरोध, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. 85 च्या तुलनेत 105 ला दीडपट. येताना 85 धरला, 23.1 मिळालं. जाताना वारा समोरून होता की काय, हे पाहायचं राहून गेलं होतं, म्हणून पुढच्या फेरीला उलट केलं, जाताना 85, येताना 105. आकडे जवळपास तसेच आले. कागदावर या दोन वेगांत 28 मिनिटांचा फरक पडतो, प्रत्यक्षात एकोणीस पडला.

क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर उत्तम. चढउतारावर त्याला दूरदृष्टी नाही. वेग एकने उतरला की चढावर तो इंजिन पिंजून काढतो, आणि लगेच पलीकडच्या उतारावर तोच वेग ब्रेकने खातो. तिथे मी पाय एका जागी धरतो. चढावर वेग दहाने उतरला तर उतरू देतो, उतारावर तो आपणहून परत येतो. मागे वाहनं असतील तर हे करायचं नाही.

सातव्या टाकीला एकदम 20.9. मी हादरलो. काहीच बदललेलं नव्हतं. टायरमधली हवा पाहिली, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय आणि दोन टायरांत 29 निघाली, ती भरली. सकाळी थंड टायरमध्येच मोजायची, चालवून मोजली की आकडा फुगलेला येतो. थोडा फरक पडला असेल, पण दोन-तीन किलोमीटरचा नव्हे. मग लक्षात आलं, मागून एक पंख्याचा आवाज येतोय, हेअर ड्रायर दुसऱ्या खोलीत चालू असावा तसा. मागच्या सीटच्या कडेला, खाली, एक जाळी आहे. ती मी आजवर स्पीकरची समजत होतो. बॅटरी थंड ठेवायला पंखा तिथून आतली हवा ओढतो. आणि त्या जाळीला टेकवून मी पंधरा दिवसांपूर्वी पांघरुणांची एक मोठी पिशवी ठेवली होती, ‘जाऊ दे, पुढच्या रविवारी उतरवू’ म्हणून. बॅटरी तापत होती, आणि तापलेल्या बॅटरीतून संगणक वीज मोजूनमापूनच देऊ-घेऊ देतो. पिशवी काढली. जाळीच्या आतली फिल्टरची पट्टी बाहेर ओढली तर तिच्यावर राखाडी लोकरीसारखा थर होता. ब्रशने झटकली. आवाज त्याच दिवशी थांबला. ज्या सर्व्हिस सेंटरला गाडी जाते तिथे हे एकदाही पाहिलं गेलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

एसीबद्दल मी फार ताणलं नाही. हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो, आणि ती वीज अर्थातच पुन्हा पेट्रोलचीच. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी काचा खाली करून मिनिटभर गरम हवा जाऊ देतो, मग एसी, आतलीच हवा फिरवत. 22 ऐवजी 25 वर ठेवतो. घाम गाळून ॲव्हरेज काढण्यात मला रस नाही. इको मोडचं म्हणाल तर तो ॲक्सिलरेटर जरा आळशी करतो आणि एसी जरा मंद. पाय ताब्यात असेल तर त्याने फारसं काही होत नाही, नसेल तर बराच उपयोग आहे.

नववी टाकी 24.6. माझी आजवरची सर्वांत चांगली. वहीत त्याभोवती चौकट काढली.

दहाव्या टाकीला मी पंधरा दिवस गावाला होतो आणि गाडी बायकोकडे होती. तिला बाण, दांड्या, खांब यातलं काही माहीत नाही, स्क्रीनवर ती फक्त गाणी लावते. परत आलो तेव्हा टाकी फुल केलेली होती. वही उघडली. तिच्या अक्षरात दोनच आकडे होते, 670 आणि 27.8. ॲव्हरेज काढलेलंच नव्हतं. मी काढलं. 24.1.

“कसं चालवलंस?” विचारलं.

“कसं म्हणजे?” ती म्हणाली. “लांबवर कुणाचा ब्रेक लागलेला दिसला की पाय काढते. तू नाही काढत?”